तेहेतिसाव्या पानावरची खूण

केबिन रोड, भाईंदर (पूर्व)
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय हेमू,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? जेसल पार्कात राहणाऱ्या बाईला केबिन रोडवरून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. चालत दहा मिनिटांचं अंतर, पण दीड वर्षात ना तू आलीस ना मी. मग म्हटलं, निदान कागद तरी जाऊ दे. मी बरी आहे. सकाळी थोडा गारवा, दुपारी मात्र फॅन लागतोच.

आधी बातम्या सांगते. विमलाबाईंचा ट्रस्ट आपल्या पाच वाचनालयांना दरवर्षी देणगी द्यायचा, ती बंद झाल्याचं तुला माहीतच आहे. बाई गेल्या, त्यांची मिठागरं गेली, आणि नातवंडांना आपण कोण हेही ठाऊक नाही. "आता बंद करा सगळं, पुस्तकं घाला रद्दीत, कोण वाचतंय!" असं म्हणून तू कार्ड माझ्या टेबलावर आपटून गेलीस ना, तोच तो आठवडा.

आम्ही बंद केलं नाही. काही महिने पाचही वाचनालयं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली, मग शहाणपण सुचलं. केबिन रोडचा आपला हॉल आता अभ्यासिका झालाय. परीक्षांची तयारी करणारी मुलं फी भरून बसतात आणि त्यावर पाचही ठिकाणची वर्तमानपत्रं आणि दिवे चालतात. कार्डही एकच, कुठेही दाखवा. मुलं गुणी आहेत, पण कपाटांकडे ढुंकून बघत नाहीत. त्यातली इशिता परवा म्हणाली, "आंटी, ही कपाटं हटवा ना, दोन टेबलं और बसतील." मला राग आला, आणि लगेच पटलंही.

तेव्हा कथा-कादंबऱ्या निघाल्या चौक गावातल्या आपल्या वाचनालयात. तिथली खोली गावाची स्वतःची, भाडं नाही, खिडकीतून समुद्र दिसतो. अडचण एकच, दुपारी तिथे बसायला माणूस हवं. किल्ली असते जिजाबाईंकडे, पण बुधवार सोडला तर दुपारी त्या मासळी घेऊन बाजारात. तीस तारखेच्या मीटिंगपर्यंत कुणी मिळालं नाही, तर कादंबऱ्या रद्दीत द्यायच्या असं कमिटीनं ठरवलंय. म्हणजे तुझंच खरं व्हायचं शेवटी. खूश?

नवी लेबलं लावायला पाचही ठिकाणची पुस्तकं सध्या माझ्याकडे आहेत. दुपारी मुलं माना खाली घालून बसलेली असतात, फॅन कुरकुरत असतो, आणि मी एकेक पुस्तक मांडीवर घेऊन लेबल चिकटवते. चौकच्या पुस्तकांना खारा वास येतो, पानं दमटलेली असतात. तो वास नाकात गेला की माझा डोळा लागतो, आणि हॉल जागचा सुटून हळूहळू पाण्यावर चाललाय असं वाटतं. सगळी टेबलं, सगळी मुलं, आणि मी. कुठे चाललोय ते कुणी विचारत नाही. मग कुणाची तरी बाटली पडते आणि मी पुन्हा केबिन रोडवर.

अशाच एका दुपारी मला तू दिसलीस.

आपल्या बायकांच्या खुणा आठवतात ना? वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी नेलं जाऊ नये म्हणून पानाच्या कोपऱ्यात काढायच्या त्या. सुलूचा गोल, हंसाबेनचं स्वस्तिक. मी केवढी ओरडायचे! शेवटी हरले आणि म्हटलं, काढा, पण पेन्सिलीनं. तुझी खूण तेहेतिसाव्या पानावर असायची, दोन टिंबं आणि खाली आडवी रेघ. न हसणारा चेहरा. काढणारीही तशीच.

चौकहून आलेल्या पुस्तकात तो चेहरा होता. एक जुना, पुसट. आणि त्याच्या शेजारी दुसरा, अगदी ताजा.

मी जिजाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ती बाय? येते की बुधवारची. खिडकीशी बसते. वाचते कमी न् दर्याकडं बघते जास्त. बोलत काय न्हाय."

रद्दीवाली! सापडलीस. घराजवळचं वाचनालय सोडून दुखऱ्या गुडघ्यानं स्टेशनचा पूल चढतेस, पश्चिमेला उतरतेस, आणि तिथून बसनं पार चौक गाठतेस. मला खूप हसू आलं. मग चौकचा गठ्ठा सगळा पुढ्यात घेतला आणि एकेक तेहेतिसावं पान उघडत गेले. तेव्हा हसू थांबलं.

हेमू, खूण असते ती "हे वाचून झालं, आता नको" एवढं सांगायला. आणि तू मुद्दाम खूण असलेलीच पुस्तकं उचलतेस. नवं एकही नाही. सगळी अमृतभावजींच्या पेटीतली.

त्यांचं नाव लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण कसं टाळू? दर रविवारी स्कूटरच्या मागे नव्या पुस्तकांची पेटी बांधून पाचही वाचनालयं फिरायचे. आधी मात्र तुमच्याच बिल्डिंगखाली थांबायचे, बायकोसाठी. रॅकवर लागण्याआधी पुस्तक तुझ्या उशाशी, हे मला माहीत होतं. मी उगाच डोळे वटारायचे, आणि ते म्हणायचे, "वहिनी, डिलिव्हरी चार्ज समजा." ते गेले, आणि पाठोपाठ देणगी थांबली. तू कार्ड आपटलंस ते ट्रस्टवर चिडून नव्हे, हे मला पुस्तकांनी सांगितलं.

मला तुझी फार आठवण येते. झालं, लिहिलं एकदाचं.

आता कामाचं. बुधवारी तिथे बसतेसच, तर बाकीच्या दुपारीही बस. खिडकीची खुर्ची तुझीच, फक्त टेबलाच्या पलीकडच्या बाजूला न्यायची. किल्लीचं जिजाबाईंशी बोललेय. त्या म्हणाल्या, "बसू दे की, तिचीच खोली हाय."

रविवारी, मीटिंगच्या दिवशी, सकाळी मी पेटी घेऊन निघणार आहे. स्कूटर मला येत नाही, रिक्षा करीन. पण पेटी आधी जेसल पार्कला थांबेल, पहिल्यासारखीच. तू खाली आलीस तर दोघी मिळून चौकला जाऊ आणि मीटिंगला तिथूनच फोन करू, माणूस मिळालं म्हणून. नाही आलीस तर हाका मारणार नाही. लगेच निघणारही नाही.

ज्या पुस्तकात घालून हे पत्र जिजाबाईंकडे पाठवतेय ते नवंकोरं आहे, भावजींनी कधी न आणलेलं. त्याचं तेहेतिसावं पान उघड. एवढी वर्षं सगळ्यांना ओरडले, आणि आज आयुष्यात पहिल्यांदा मी पुस्तकावर पेन्सिल चालवलीय. दोन टिंबं, आडवी रेघ, आणि वर चष्मा, म्हणजे तुझा चेहरा आणि माझा यांत घोटाळा नको.

शेजारी जागा सोडलीय.

रविवारी तुझ्या फाटकापाशी उभी असणारी,
तुझी मृणालिनी