मंदारलाही उघडेना

१२ ऑगस्ट २००२, सोमवार
कायद्याच्या शेवटच्या वर्षातली माझी दोघं, सलमा आणि मंदार, विषय घेऊन आली. गणपतीनंतर पुण्याला स्पर्धेत मांडायचा आहे. संगणकावरचा खाजगी मजकूर कुलूपबंद ठेवण्याचा हक्क. म्हटलं, भाडेकरू कायदा घ्या, पुढे पोट तरी भरेल. ऐकलं नाही. मार्गदर्शक म्हणून सही केली.

१७ ऑगस्ट
दोघांनी सायबर कॅफेत नेलं. सलमाने आपलं संगणकी कुलूप मंदारला देऊन ठेवलंय, म्हणे कुणालाही देता येतं. त्याने चार ओळी लिहिल्या, ते लावलं. पडद्यावर अक्षरांचा नुसता भुसा.
आता उघड, म्हटलं.
"मला नाही येत, मॅडम."
अरे, लिहिलंस तूच ना?
"लिहिलं मी. कुलूप तिचं. किल्ली तिच्याकडेच."
किल्ली तिच्या फ्लॉपीवर, आणि तीही चालते डोक्यातल्या एका वाक्यावर.
घरी आले तरी तेच. भात करपला. लाख, मोहोर, सील, सगळं फुटताना पाहिलंय. लिहिणाऱ्यालाच परत न दिसणारा कागद पहिल्यांदा पाहिला.

२१ ऑगस्ट
नव्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९. अधिकाऱ्याला मजकूर उलगडून दिला नाही तर सात वर्षांपर्यंत कैद. दोघांचं म्हणणं: फ्लॉपी खुशाल जप्त करा, पण डोक्यातलं वाक्य वदवून घेणं म्हणजे माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं. निबंधाचं तिसरं प्रकरण यावरच.
मी: लपवण्यासारखं नसेल तर दाखवावं की.
सलमा: "मग द्या मॅडम तुमची पर्स. बघू आत काय आहे ते."
मंदार हसला. मी नाही. पर्स मांडीवर ओढून घेतली.

२८ ऑगस्ट
घोळ. कॅफेवाल्याने सलमाच्या चाचांना कळवलं, मुलगी एका मुलाशी गुप्त भाषेत बोलते. चाचा गुहागरहून थेट कॉलेजात. मंदारने तिला पाठवलेल्या मेलची, कॅफेवाल्याने काढून दिलेली छापील प्रत माझ्या टेबलावर आपटली.
"हे काय लिवलंय, मॅडम?"
मला वाचता येत नाही.
"तुमी शिकवता नि तुमालाच वाचता येत नाय?" मंदारकडे वळून, "तू लिवलंस ना? मग वाच."
"नाही येत, चाचा. खरंच."
कोण विश्वास ठेवणार? महिन्यापूर्वी मीही ठेवला नसता.
मग सलमाला: "तू उघड. नायतर पुणं बंद नि कालेज पण बंद. आत्ताच्या आत्ता घरी चल."
मी हळू आवाजात म्हटलं, दाखव गं. संदर्भांची यादीच असेल.
"यादीच आहे, मॅडम. पण आज उघडलं तर आमचं तिसरं प्रकरण खोटं."
उघडलं नाही. चाचांच्या मागोमाग स्टँडकडे गेली. मागे वळून पाहिलं नाही.
एवढं बळ या पोरीत कुठून? इतकी वर्षं वकिली केली, पण असं समोर उभं राहून मी कधी...

२ सप्टेंबर
सलमाच्या वडिलांचा फोन, कुवेतहून.
"मॅडम, तुम्ही वाचलात काय ते?"
नाही. आणि तिने दिलं तरी वाचणार नाही.
"बघतो." फोन ठेवला.

५ सप्टेंबर
मंदारकडून शिकून माझी किल्ली करून घेतली. वाक्य इथेही लिहिणार नाही. माझं कुलूप सलमाला पाठवलं. सोबत एकच प्रश्न, तिच्या कुलपात बंद करून: पुण्याला येणार का? पाठवल्यावर पुन्हा पाहायला गेले. मलाही दिसेना.

८ सप्टेंबर
उत्तर आलंय. भुसाच. कुठून पाठवलं, कुणाला बरोबर नेलं, देव जाणे. कॅफेवाला खुर्चीमागे येऊन उभा.
"मॅडम, मदत करू?"
"बाहेर उभे राहा."
फ्लॉपी घातली. वाक्य टाइप केलं. एक अक्षर चुकलं. पुन्हा पहिल्यापासून.