एकशे अठराची रेघ

सोमवार, ३ तारीख

नव्या गावात, नव्या नोकरीत पहिला दिवस. मन प्रसन्न आहे. तिसऱ्या मजल्यावर स्वच्छ खोली, भिंतीवर बारा पडदे आणि त्यांवर इन्सुलिन घेणाऱ्या माणसांच्या साखरेच्या रेघा. दंडावर चिकटवलेलं बटणाएवढं यंत्र दर पाच मिनिटांनी आकडा इथे पाठवतं. आकडा सत्तरच्या खाली गेला की घंटा वाजते. मग मी फोन करायचा, साखर खायला सांगायचं, बरं वाटेपर्यंत बोलत राहायचं. पर्यवेक्षकांनी एकच नियम बजावला : आधी नोंद, मग फोन. आमच्या गावच्या शाळेतले गुरुजीही हेच म्हणायचे, आधी पाटीवर लिही, मग तोंड उघड.

मला स्वतःला एकोणीस वर्षं मधुमेह आहे. म्हणूनच निवडलं म्हणे. दंडावर बटण, कमरेला पंप, दोन्ही कंपनीनेच दिलं. पंप आकडा बघून आपला आपण इन्सुलिन सोडतो. लेकीची परीक्षा होईपर्यंत बायको तिकडेच राहणार, पण माझा आकडा तिच्या फोनवर दिसतो. साखर उतरली की मी चिडतो, हे आमच्या घरात जगजाहीर. ती म्हणाली, बरं झालं, तुम्ही कधी डाफरणार ते आता मला आधीच कळेल.

शुक्रवार, ७ तारीख

पडद्यावर नावं नसतात, नुसते क्रमांक. पण माणूस रेघेवरून ओळखू येतो. चार क्रमांकाचे निवृत्त शिंपी आहेत. एक वाजता जेवतात, तेव्हा रेघ चढते. चारला डुलकी काढतात, तेव्हा ती अंग टाकते. आज त्यांना दुसऱ्यांदा फोन केला. खडीसाखर चघळत म्हणाले, साहेब, तुम्ही थेट माझ्या रक्तात येऊन बसलात, आता जावईच झालात म्हणायचे! मागून त्यांची बायको ओरडली, जावयाला सांगा, काल चोरून दोन लाडू खाल्लेत.

इतक्या माणसांचा श्वास आपल्यापुढे चालू आहे असं वाटतं. कामावर बसण्याआधी मी देवाचं नाव घेतो.

मंगळवार, ११ तारीख

शिंप्यांच्या बायकोचा फोन आला. ते रविवारी पहाटे झोपेतच गेले. बटण आणि पंप परत कुठे द्यायचे, एवढंच विचारत होती. बटण तिने स्वतः त्यांच्या दंडावरून काढून डब्यात ठेवलंय.

मी मान वर केली. चार क्रमांकाची रेघ चालू होती. एकशे बारा. एक वाजता ती चढली. चार वाजता निवांत उतरली.

धावत पर्यवेक्षकांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, यंत्राशी संपर्क तुटला की मधली जागा संगणक जुन्या दिवसांवरून अंदाजाने भरतो. रेघ तुटलेली दिसली की घरचे उगाच घाबरतात. मग त्यांनी माझा आकडा बघितला आणि विचारलं, साखर कमी झाली का तुमची? एकशे अठरा होती. म्हणाले, मग हा नुसता स्वभाव.

गुरुवार, १३ तारीख

राग आवरत नाही. नामस्मरणाला बसलो, तर ओठ चालत होते आणि दात आवळलेले होते.

जुन्या नोंदी उपसल्या. शिंप्यांचा संपर्क शनिवारी संध्याकाळीच तुटला होता. पुढची रेघ आमची. माणूस बुडत होता आणि आम्ही एकशे अठरा काढत होतो. त्यांच्या बायकोला पुन्हा फोन केला. म्हणाली, पहाटे मी फोन बघितला होता हो, आकडा छान होता, म्हटलं झोपू दे.

तो आकडा आमचा होता, हे मी तिला सांगू शकलो नाही. लेखी तक्रार पर्यवेक्षकांच्या टेबलावर आपटली. त्यांनी वाचलीही नाही. माझा आकडा बघितला आणि उद्या सुट्टी घ्या म्हणाले, विश्रांतीची गरज आहे तुम्हाला.

विश्रांती!

शुक्रवार, १४ तारीख. सकाळी ११

अंघोळ करताना दंडावरचं बटण निघालं. ते टेबलावर ठेवलंय. फोनवर माझी रेघ चालूच आहे. एकशे अठरा.

पंप काढणार होतो, पण नाही काढला. बघूच, ही रेघ माझ्या तोंडावर किती वेळ खोटं बोलते. पुरावा हवाय मला. मोठी तक्रार लिहायला बसलो. रागाने भूक मेली आहे.

दुपारी १.२०

एक वाजता माझी रेघ चढली. मी जेवलेलो नाही. काहीच खाल्लेलं नाही. पण मी रोज एकला जेवतो, म्हणून तिने जेवून घेतलं. पंप कमरेशी घरघरतोय. लिहिण्याच्या भरात लक्षात आलं नाही. न जेवलेल्या जेवणाचं इन्सुलिन –

नळी उपटली. पण आत गेलेलं गेलं.

१.४०

बोट टोचून बघितलं. ५२. फोनवर पुन्हा ११८. दोन्ही शेजारी लिहून ठेवतो, वेळेसकट. आता म्हणा स्वभाव!

घाम. फोनवरचं कंपनीच्या मदतीचं बटण दाबलं. साखरेचा डबा समोर फळीवर आहे. आधी नोंद, मग –

१.५०

बायकोचा फोन. कंपनीने तिला कळवलंय, मी चिडलोय म्हणून. मी सांगत होतो, जीभ वळेना. ती म्हणाली, अहो, आकडा तर छान आहे, मग कशाला भांडताय त्यांच्याशी, पडा थोडं. ठेवला.

पडा. हेच शिंप्यांना –

पुन्हा टोचलं. ३९. पाय उचलत नाहीत. फळी चार पावलांवर

कंपनीचा फोन वाजला नाही. कोणी केलाच नाही. फोनच्या पडद्यावर आलं –

रुग्णाशी बोलणं झालं. साखर घेतली. बरे आहेत.

कोण बोललं? डबा तिथेच आहे, झाकण लागलेलं. देवा, मी घेतली नाही, मी

बायको बघत असेल आता. ११८. तिला सांगा ही रेघ माझी ना