एका दाढीचा क्लोज-अप

४ फेब्रुवारी
आज ‘फ्रेम’ शिकवली. चौकटीत काय घ्यायचं हे ठरवलं, की काय वगळायचं तेही ठरतं — वहीत दोनदा लिहिलं. माहितीपटाचा विषय पक्का: बाबांचं सलून. घरातली मी पहिली पदवीधर. ज्या वस्तऱ्याच्या कमाईवर शिकले, पहिली फिल्म त्याचीच! बाबा आढेवेढे घेत होते. म्हटलं, काही वेगळं करू नका. रोज करता तेच करा.

९ फेब्रुवारी
शूटिंग झालं. खुर्चीत समोरच्या दुकानातले चष्मेवाले काका, डोळे मिटून. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॅमेऱ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

१३ फेब्रुवारी
वर्गात दाखवली. सर म्हणाले, क्लोज-अप हातात कॅमेरा धरून का घेतलास? थरथरतोय.
म्हटलं, सर, कॅमेरा स्टँडवर होता.
त्यांनी पुन्हा लावली. आरशाची कड — स्थिर. खुर्चीची पाठ — स्थिर. थरथरत होता फक्त बाबांचा हात.


१४ फेब्रुवारी
बाबांना विचारलं. म्हणाले, गारठा होता. पण फ्रेममध्ये पंखा फिरताना दिसतोय!
आईला विचारलं. ती पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली.

१६ फेब्रुवारी
शनिवारी फिल्म सगळ्यांसमोर दाखवणार. बाबांची गिऱ्हाइकं येतील. तो हात पाहून पुन्हा कोण गाल पुढे करेल? शॉट ठेवला तर बाबांचं दुकान बसेल. काढला तर फिल्म खोटी. मैत्रीण म्हणते, एवढं काय, संकलनात उडव. माहितीपटात लपवाछपवी नको म्हणून वर्षभर सगळ्यांशी भांडले ती मीच.

१७ फेब्रुवारी
काढला नाही. ठेवलाही नाही. नुसती बघत बसले.

१८ फेब्रुवारी
फिल्ममध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाची संमती लागते, म्हणून चष्मेवाल्या काकांकडे कागद घेऊन गेले. त्यांनी तो सावकाश वाचला. ‘रोजच्या जगण्यातली खरी दृश्यं’ या ओळीवर बोट ठेवून थांबले.
“यावर सही कशी करू, पोरी? चार महिने झाले, तुझ्या बाबांनी वस्तरा धरलेला नाही. दाढ्या दुसरा कारागीर करतो, ते टॉवेल धुतात. तुला कळू द्यायचं नव्हतं. तुझ्या फिल्मसाठी बस म्हणाले, बसलो. वस्तऱ्यातलं पातं त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. नुसता फेस उतरवला. दाढी मी घरी जाऊन केली.”