शोकेसमधली हळद

२१ नोव्हें., आमगाव
'हळद' झाली एकदाची. माझं पहिलं व्हिडिओ आर्ट. गिऱ्हाइकाचं लग्न नाही, स्वतःचं काम. स्टुडिओचं शटर पाडून दुपारी घेतलेला एकच शॉट: प्र. मला हळद लावून राहिलाय. बस्स. त्याची बोटं मानेवरून खाली येतात तिथे मी श्वास रोखतो. ते दिसतं. दिसू दे! इतकी वर्षं दुनियेच्या हळदी शूट केल्या, आम्हाला कोण लावणार होतं?
प्र.चा चेहरा फ्रेममधून कापला. माझा माणूस आहे, पण तिरोड्याला नोकरी, घरी म्हातारा बाप. नुसते हात ठेवले. नागपूरच्या एका प्रदर्शनात भिंतीवर दाखवणार आहेत.

२ डिसें.
घोळ केला. सीझनची घाई, दोन्ही फोल्डरना नाव 'हळद'. एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या व्हिडिओत, नवरदेवाच्या हळदीत माझा शॉट बसला, आणि पेनड्राइव्ह गेला त्यांच्या घरी. लग्नानंतरच्या पूजेच्या दिवशी हॉलमध्ये टीव्हीवर लावला. नवरदेवाचा काका फोनवर, "हे काय टाकलं बे? सारे पाव्हणे पाहून राह्यले!"
त्यांचा व्हिडिओ बिघडला त्याची माफी मागितली, नवा करून दिला. शॉटची माफी नाही मागितली.

३ डिसें.
पानठेल्यावरून एक जण, "काय गा नवरी!" मी म्हटलं, "नवरदेव म्हण. अन् आहेर आण."
घरी माय. "मजाक होती म्हणून सांगून दे ना बाबू. दोस्तादोस्तात चालते." सोपं आहे. सगळे तेच ऐकायला बसलेत.
"मजाक नव्हती, माय."
तांदूळ निवडत राहिली. मग, "दुसरा कोण आहे?"
नाही सांगितलं. कोणालाच नाही सांगणार.

५ डिसें.
दोन लग्नं हातची गेली. फोनवर कारण कोणी बोलत नाही. क्लिप मात्र मोबाइलवर गावभर फिरते. डोकं फिरलं माझं.
दुकानाच्या काचेतल्या टीव्हीवर नेहमी गिऱ्हाइकांची लग्नं चालतात, रस्त्यावरून दिसतील अशी. आज तिथे 'हळद' लावली. चोरून कायले पाहता? उजेडात पाहा!
प्र.चा फोन बंद.

८ डिसें., बाजाराचा दिवस
काचेसमोर गर्दी. "भैया, ये कौन सी पिक्चर है?" भाजीवाली मावशी टोपली खाली ठेवून पूर्ण पाहून गेली. म्हणे, "हळद पातळ भिजवली गा." कितीतरी दिवसांनी हसलो.
चारच्या सुमारास हेल्मेट घातलेला एक जण. हातांवरून ओळखला. आत आला, हेल्मेटची काच वर केली.
"माझं तोंड काऊन कापलं?"
"तुझ्यासाठीच ना बे."
"मले इचारलं होतं का?"
मी खुर्ची पुढे केली. बसला नाही.
"सारं गाव तुले एकट्याले पाहून राह्यलं. मी काय नुसते हात आहो का?"
मूळ शॉट काढला, दोघांच्या चेहऱ्यांचा. काचेतल्या टीव्हीसाठी एक्स्पोर्ट सुरू आहे. म्हटलं, अजून विचार कर, बाप आहे घरी. तो समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेलाय. भर बाजारातून. हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवून.