आजाराच्या रकान्यात काय लिहू?

प्रिय अहो,

तुमचं नाव मी कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. आता पत्राच्या वर लिहायला गेले तर हात अडखळला, म्हणून ‘अहो’च लिहिलं. ही हाक तुम्हाला मार्केटच्या गर्दीतही ओळखू यायची. तिथेही येईल.

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होतील. तुमच्याशी मनातल्या मनात बोलणं रोज चालूच असतं, त्यामुळे पत्र लिहायचं कधी सुचलं नाही. पण आज दुपारी आनंदा भाऊजी येऊन गेले. अजून विम्याची एजंटगिरी करतात; माझ्यासाठी मेडिक्लेमचा फॉर्म आणला होता. इंग्रजी वाचून ते मला मराठीत सांगत होते आणि मी म्हणेन ते पेन्सिलीने भरत होते. ‘व्यवसाय’ आला तेव्हा म्हणाले, “गृहिणी लिहितो.” मी म्हटलं, “गृहिणी मी संध्याकाळनंतर असते, भाऊजी. दिवसा बारदानवाली आहे, तसं लिहा.” हसले आणि लिहिलं.

मग एक रकाना आला. आधीपासून कोणता आजार आहे का? भाऊजींनी पेन्सिल थांबवली आणि दाराकडे बघत म्हणाले, “वहिनी, इथं ‘नाही’ लिहू या.”

मी म्हटलं, “उद्या सांगते.”

तुमच्या फॉर्मातही हाच रकाना होता. मग तुम्हाला सोडून मी विचारू तरी कुणाला?

तुम्हाला ठाऊक नसेल, मला दमा झाला आहे. तुम्ही होतात तेव्हा नुसता खोकला होता आणि तुम्ही म्हणायचात, “तागाची धूळ हाय, गूळ खा.” तुमच्यामागे धंदा मीच चालवते. तुमच्यासारखीच रिकामी पोती विकत घेते, झटकते, फाटली असतील ती दाभण-सुतळीने शिवते आणि पुन्हा व्यापाऱ्यांना देते. मिरचीची पोती आली की त्या दिवशी छातीत शिट्टी वाजते. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला आहे. तो मी मोरीत जाऊन, नळ सोडून मारते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून!

शिरवण्यातली आपली खोली अजून तीच आहे. घरमालकीण हिराबाय परवा ओट्यावरून ओरडली, “किती खोकतंस गो! डाक्टरकरं गेलीस का नाय?” मी म्हटलं, “जाऊन आले, पण हळू बोला.” तर आणखी मोठ्याने म्हणाली, “हळू कशाला? दमा काय चोरी हाय?”

आपल्या घरात आजार म्हणजे चोरीच होती ना?

तुम्ही हमालांची टोळी सोडलीत तो दिवस आठवतो. हमालीचा बिल्ला परत करून आलात आणि दारातूनच म्हणालात, “आजपासनं कुणाचा हमाल न्हाय मी. मालक!” साखर निघाल्यापासून पाठीवर ओझं घेतलं की तुम्हाला चक्कर यायची, हे मला एकटीला माहीत होतं. टोळीतल्या माणसांना ‘पाठ गेली’ असं सांगितलं होतंत. मी विचारलं, “टोळी सुटली म्हणजे टोळीचा दवाखानाही सुटला. आता औषधपाणी कुठं करायचं?” तुम्ही हात उडवलात. “मालकाला आजारी पडायला सवड कुठं असती?”

पण मग तुम्हीच आनंदा भाऊजींना बोलावलंत. हे मी विसरलेली नाही. चारचौघांना सुचत नाही ते तुम्हाला सुचलं होतं. आपल्यामागे ना टोळी, ना कंपनी, तर आपण आपला विमा काढावा, हे तुम्ही कुठूनतरी ऐकून आलात आणि मनावर घेतलंत. मी चहा ठेवला होता. भाऊजींनी विचारलं, “दादा, साखर-बिखर, बीपी काही?” तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी चहाकडे बघितलं.

“काय बी न्हाय,” म्हणालात. “दगडासारखा हाय मी.”

ते गेल्यावर मी बोलले, तेव्हा तुम्ही चिडलात. “अगं, आनंदाला सांगितलं म्हंजे आख्ख्या भावकीत दवंडी! उद्या वैशालीचं स्थळ बघायला तोच जाणार. बापाला साखर हाय म्हटल्यावर पोरगी कोण करून घेईल?” मलाही ते पटलं होतं हो.

एजंट परका असता तर? कधीकधी वाटतं, एखाद्या अनोळखी माणसाला तुम्ही खरं सांगितलं असतंत. पण आपल्यासारख्याला अनोळखी एजंट कुठून मिळणार? जो विमा काढतो, तोच सोयरीक जुळवतो, तोच बारशाला आणि तोच दहाव्याला.

आणि मग लपवाछपवीच सुरू झाली. भावकीतल्या लग्नात पंगतीला बसलात की आनंदा भाऊजींच्या समोरच बसायचात आणि मुद्दाम दुसऱ्यांदा जिलबी मागून घ्यायचात. “वाढ की रं, हात का आखडतोस?” पोरं हसायची. मी बायकांच्या पंगतीतून बघायची. घरी आलात की दोन दिवस डोळ्यांपुढे अंधारी आणि सारखं पाणी पाणी. कशासाठी? भावकीने म्हणावं, अमक्याची तब्येत ठणठणीत आहे?

ते दाभण पायात गेलं तेव्हाही तेच. पोत्यांच्या ढिगावरून उतरताना तळव्यात घुसलं. तुम्ही उपटलंत, हळद दाबलीत आणि वर बूट चढवलात. तुम्हाला ते दुखतही नव्हतं, साखरेने पायाची जाणीवच गेली होती. मी म्हटलं, “डॉक्टरांना दाखवू.” तुम्ही म्हणालात, “डॉक्टर आधी साखर तपासंल. मार्केटातल्या दवाखान्यात आपली सगळी माणसं बसल्याली असत्यात.” बोट काळं पडलं तेव्हा मला दिसलं. वैशालीने पीसीओवरून भाऊजींना फोन केला आणि आपण टॅक्सीने वाशीच्या मोठ्या दवाखान्यात गेलो.

आता ते लिहिते, ज्याच्यावरून तुम्ही माझ्यावर रागावलात.

ती तरुण डॉक्टरीणबाई विचारत होती, “साखर कधीपासून आहे?” तुम्ही तापात होतात, तरी पढवल्यासारखं म्हणालात, “आत्ताच कळतंय.” तिने माझ्याकडे बघितलं. तुम्ही माझं मनगट धरलंत. घट्ट. मी म्हटलं, “सात वर्षं झाली, डॉक्टर. ही गोळी घेतात.” आणि पिशवीतली गोळ्यांची पट्टी तिच्या हातावर ठेवली.

ती लिहीत गेली. तुम्ही माझं मनगट सोडलंत आणि भिंतीकडे तोंड केलंत.

तिने औषध बदललं, इंजेक्शनं बदलली. मी खरं सांगितलं नसतं तर ती अंधारातच राहिली असती. आज पुन्हा विचारलं तर आज पुन्हा सांगेन. पण तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. पाणी हवं असलं तरी वैशालीला खूण करायचात. एवढा राग? सगळा संसार तुमच्याशी बोलण्यात गेला आणि शेवटचे दिवस तुम्ही असे मुके काढलेत!

आनंदा भाऊजींनी खाटेला लावलेला कागद वाचला. त्यांचा चेहरा पडला. “दादा, मला तरी सांगायचं होतं,” एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. पुढे तुम्ही गेल्यावर विमा कंपनीने क्लेम नाकारला. आजार लपवला, म्हणून. साठवलेलं पोतंन्‌पोतं विकून मी दवाखाना भागवला.

मला बरेच दिवस वाटायचं की त्या रकान्यात खरं लिहिलं असतं तर पैसे मिळाले असते. मग मीच हळूहळू वाचायला लागले. तुम्हाला माझं वाचन म्हणजे गंमत वाटायची ना? रद्दीचा तुकडाही सोडत नाही म्हणून चिडवायचात. पेपरातलं विम्याचं सदर कापून ठेवते आता. न समजलेलं भाऊजींना विचारते. आणि कळलं ते असं, की खरं लिहिलं असतं तरी साखरेचा खर्च त्यांनी दिलाच नसता. जुना आजार सोडून बाकी सगळं, असाच नियम आहे. हात मोडला, अपेंडिक्स झालं, कावीळ झाली, तर मिळालं असतं. पायाचे मिळालेच नसते.

हे कळलं त्या दिवशी मी पोती तशीच टाकून घरी आले. मग आपण लपवलं ते कशासाठी? दवाखान्याचे पैसे दोन्हीकडून जाणारच होते. पण आनंदाला एकदा सांगून टाकलं असतं तर तुम्ही जिलबी खाल्ली नसतीत. दाभण लागल्या दिवशी बूट न घालता लंगडत, चारचौघांसमोर दवाखान्यात गेला असतात. लोक बोलले असते चार दिवस. बोलू द्यायचं होतं!

तुम्ही शेवटी एकदा बोललात ते मात्र मी जपून ठेवलं आहे. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना नातू झाला होता. त्यांच्या सुनेने अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. तुमच्यापुढे डबा धरला. भाऊजी तिथेच उभे होते. मी पुढे होणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, “नको पोरी. मला साखर हाय. लई वर्सं झाली.”

किती साधं म्हणालात! मग माझ्याकडे बघून म्हणालात, “सुमन, पाणी दे.” दोन दिवसांनी माझ्याकडे मागितलंत. मी चमच्याने पाजलं. त्याच रात्री तुम्ही गेलात. तो राग गेला होता का हो? का नुसती तहान लागली होती?

तर आजचं सांगत होते. भाऊजी वाईट नाहीत. तुमच्या तिरडीला पहिला खांदा त्यांचा होता. ते म्हणाले, “वहिनी, दमा लिहिला तर दमा सोडून पॉलिसी मिळणार. मग उपयोग काय? दादांच्या वेळी मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, तर सांभाळून घेऊ. दवाखान्यात विचारलंच, तर ‘आत्ताच सुरू झालं’ म्हणायचं.”

मी म्हटलं, “म्हणजे श्वास कोंडलेला असताना मी खोटं आठवत बसायचं?”

त्यांना हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “आणि रविवारी पाहुणे यायचेत. मुलाची आई फार चौकस आहे. आईला दमा म्हटल्यावर पोरीलाही होईल म्हणतील. निदान आत्ता तरी तोंडातून काढू नका.”

हो, रविवारी वैशालीला बघायला येणार आहेत. भाऊजींनीच आणलेलं स्थळ. मुलगा रबाळ्याला कंपनीत फिटर आहे, कोरेगावकडचे आहेत, जुईनगरला राहतात. आपल्या पोरीने त्याला भावकीतल्या एका लग्नात पाहिला आहे. विचारलं तर म्हणाली, “बरा आहे.” तुम्हाला तुमची लेक ठाऊक आहे. तिच्या तोंडी ‘बरा’ म्हणजे पुष्कळ झालं.

भाऊजी गेल्यावर ती म्हणाली, “आई, रविवारपर्यंत तरी थांब ना. मग लिही काय लिहायचं ते.”

तुमचंच बोलणं तिच्या तोंडून आलं. पोरीची सोयरीक होईपर्यंत थांबू. तुम्ही सात वर्षं थांबलात. तिचं काय चुकलं? ती आपल्याच घरात वाढली.

मी पॉलिसी घ्यायचं ठरवलं आहे. दमा सोडून मिळेल तीच. हात आहेत, पाय आहेत, पोट आहे, त्यांना काहीतरी आधार राहील. दम्यासाठी पोस्टात वेगळं खातं उघडेन आणि मिरचीची पोती घ्यायची बंद करेन. त्याने धंदा थोडा बसेल. बसू दे. तुमच्याशी बोलता बोलता मघाशी फॉर्म पुढे ओढला आणि त्या रकान्यात शाईच्या पेनाने मराठीत लिहिलं, ‘दमा आहे.’ इंग्रजी काय ते भाऊजी करतील.

वैशालीने वाचलं. “त्यांनी नाही म्हटलं तर?”

“तर नाही.”

“तुला काय जातंय!” म्हणाली आणि हंडा घेऊन नळावर गेली. अजून आली नाही. रडत असेल. मला तिच्यामागे जाववलं नाही.

तुम्हाला शब्द देते. रविवारी पाहुण्यांना पोहे द्यायच्या आधी मीच सांगेन. वैशालीच्या बाबांना साखर होती, मला दमा आहे, आणि माझ्या पोरीला यातलं आज काही नाही. गयावया करणार नाही. धाप लागली तर मोरीत जाणार नाही, त्यांच्यासमोर बसून पंप मारेन. ते उठून गेले तर वैशाली माझ्यावर रुसेल, कदाचित पुष्कळ दिवस. रुसू दे. तिला रुसायला आई असेल.

रागावला असाल तरी तुमचीच,

सुमन