मामींचा खोकला

मंगळवार, संध्याकाळ

आज ताईचं दहावं झालं. निफाडच्या मामी गळ्यात पडून रडल्या, "कॅन्सरनं नेलं गं माझ्या लेकराला!" कॅन्सरनं? केमोनं गाठ निम्मी झाली होती. तिला नेलं फ्लूनं, फुप्फुसं भरून. डॉक्टरांनी बजावलं होतं, भेटायला कुणी नको. तरी मामी द्राक्षं घेऊन वॉर्डात आल्याच. मास्क हनुवटीवर, खोकत. "आजाऱ्याला बघायला नाय गेलं तर लोक काय म्हणतील?" ताईच्या गालावरून हात फिरवला. प्रेमानंच, तेच तर सोसत नाही. आज सगळ्यांसमोर सांगणार होते: मामी, कॅन्सर नाही, तुमचा खोकला. तेवढ्यात त्या पुन्हा खोकल्या. मी उठले आणि त्यांच्या चहात जास्तीचं आलं किसलं.