स्वस्त मशीन आणि आमचीच गाडी

रविवार, पर्वत पाटिया

गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर रिप्रोग्रॅम करायचं महागडं मशीन आपल्या गॅरेजला परवडणारं नाहीच. पण स्वस्तातल्यावर भरवसा ठेवायचा का? मशीन विकणाऱ्या जिग्नेशभाईने एक दिवस वापरून बघायला दिलंय. गिऱ्हाइकाची गाडी कायमची बंद पडली तर? जेवताना मी तेच तेच बोलत होतो. शेवटी रेखा वैतागली. "आपल्याच गाडीवर करून बघा ना!" उद्या तिला त्याच गाडीने पलसाण्याच्या शाळेत शिकवायला जायचंय, तरी!

मशीनची वायर आखूड. लॅपटॉप मांडीवर घेऊन कुणीतरी आत बसायला हवं. "तुम्ही घाईत भलतंच काहीतरी दाबाल, मी बसते," रेखा म्हणाली. काम चालू असताना दार उघडायचं नाही, नाहीतर प्रोग्रॅम अर्धवट तुटेल, एवढंच मी बजावलं.

बॅटरीवर ताण नको म्हणून एसी बंद, काचा बंद. घामाने निथळत होती बिचारी, पण दाराला हात लावला नाही. आणि मी बाहेर नुसता फेऱ्या मारतोय. एवढा भरवसा कशावर, मशीनवर की माझ्यावर? विचारायचं राहिलंच.

काम संपल्यावर तिनेच चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात सुरू! मशीन ठेवून घ्यायचं, ठरलं.

मी दार उघडायला धावलो, तर आतून हात हलवून नको म्हणाली. बाईसाहेबांनी एसी लावला होता.